कर्करोगावरील अब्जांश औषधें : आशा आणि विवेक

कर्करोगाचें नांव निघतांच ज्या घरांतील मंडळी क्षणभर गप्प होत नाहींत, असें घर आज आपल्या देशांत विरळाच सांपडेल. सन २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गणनेप्रमाणें त्या एका वर्षांत भारतांत सुमारें १४ लक्ष लोकांस हा रोग नव्यानें जडला, व सुमारें ९ लक्ष लोक त्यानें मृत्यु पावले. इतक्या घरांवर ज्याची छाया पडली आहे, त्या रोगावर नवा उपाय निघाल्याचें वर्तमान कोणी छापिलें तर तें अधीरतेनें वाचलें जावें, यांत नवल नाहीं. अलीकडे अशा वर्तमानांत 'नॅनो' हा शब्द वारंवार येऊं लागला आहे. कोणी म्हणतो, आतां रक्तांत सूक्ष्म यंत्रें सोडतील आणि तीं रोगाची पेशी हुडकून मारतील. कोणी म्हणतो, हें सारें कंपन्यांचें थोतांड आहे. आमच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस याविषयीं विचारतात, आणि पालकहि विचारतात. मात्र पालकांच्या प्रश्नामागें पुष्कळदां घरचें कोणी आजारी माणूस असतें. यास्तव या विषयाचीं दोन्ही अंगें शक्य तितक्या सरळपणें मांडून त्यावर आमचें मत द्यावें, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. 'नॅनो' हा शब्द खुजा या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघाला. एका मीटरचे शंभर कोटि भाग केले असतां जो एक भाग येईल तो नॅनोमीटर. म्हणून आपल्या भाषेंत या विद्येस अब्जांश-तंत्र असें सार्थ नांव मिळालें आहे. डोक्याच्या एका केंसाची जाडी सुमारें ८० हजार ते १ लक्ष नॅनोमीटर भरते. रक्तांतील एका तांबड्या पेशीचा व्यास सुमारें ७ हजार नॅनोमीटर. ज्या औषधकणांविषयीं आम्ही येथें बोलणार आहों ते बहुधा १०० नॅनोमीटरांच्या आसपासचे असतात. म्हणजे एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर असे सत्तर कण ओळीनें सहज बसतील. चाकें आणि दांते असलेलें यंत्र यांत कोठेंहि नाहीं. पुष्कळदां ती केवळ स्निग्ध द्रव्याची एक सूक्ष्म कुपी असते, आणि तिच्या पोटांत औषध असतें.

अशी कुपी करण्याचें प्रयोजन काय? कर्करोगावरील जुन्या औषधांपैकीं बरींचशीं औषधें मुळांत विषें आहेत. वेगानें दुणावणाऱ्या पेशी मारणें हा त्यांचा धर्म. परंतु अशा पेशी केवळ रोगाच्याच असतात असें नाहीं; केंसांच्या मुळाशीं, आंतड्यांच्या अस्तरांत व हाडांतील मज्जेंतहि त्या असतात. म्हणून रोग्याचे केंस गळतात, तोंड येतें, अन्न पोटांत ठरत नाहीं, रक्त उतरतें. तण मारावयाचें म्हणून साऱ्या शेतावर विष शिंपावें, आणि पिकानेंहि तें सोसावें, तसा हा प्रकार होतो. जर्मन वैद्य पॉल एर्लिख (१८५४-१९१५) यांनीं शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं अशी कल्पना मांडिली होती कीं, नेम धरलेल्या गोळीप्रमाणें जें रोगबीजासच लागेल व इतर शरीरास ढका लावणार नाहीं, असें औषध शोधावें. अब्जांश औषधें हा त्याच जुन्या मनोरथाचा नवा प्रयत्न होय.

या प्रयत्नाचा आरंभ कालपरवांचा नाहीं. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत इंग्लंडांत अ‍ॅलेक बँगहॅम यांनीं दाखविलें कीं, पेशींच्या आवरणांत असणारीं स्निग्ध द्रव्यें पाण्यांत मिसळलीं असतां तीं आपोआप बंद कुप्यांचा आकार घेतात. या कुप्यांस लायपोसोम म्हणतात. १९८६ सालीं जपानांत मात्सुमुरा व माएदा या शास्त्रज्ञांनीं दुसरी एक गोष्ट निदर्शनास आणिली. कर्करोगाची गांठ आपल्या पोषणासाठीं घाईनें नव्या रक्तवाहिन्या रचिते, आणि त्या कच्च्या बांधाप्रमाणें ठिकठिकाणीं झिरपतात. जे कण निरोगी वाहिनींतून बाहेर पडत नाहींत ते या झिरपणाऱ्या वाहिनींतून गांठींत उतरतात व तेथेंच सांचतात. येरुशलेम येथील बॅरेनहोल्झ व गॅबिझोन यांनीं डॉक्सोरुबिसिन नांवाचें तांबडें औषध अशा कुपींत भरण्याची युक्ति सिद्ध केली, आणि १९९५ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें 'डॉक्सिल' या नांवानें तें वापरण्यास परवानगी दिली. अमेरिकेंत मान्यता मिळालेलें पहिलें अब्जांश औषध तें हेंच. मूळचें डॉक्सोरुबिसिन हृदयास इजा करितें. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगांत दोहोंची तुलना केली तेव्हां कुपींतील औषधाचा रोगावरील गुण सुट्या औषधाइतकाच दिसला, पण हृदयाची इजा पुष्कळ कमी झाली. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. या विद्येचा आजवरचा उत्तम लाभ बहुधा याच जातीचा आहे: रोग मारण्याची शक्ति फारशी वाढली नाहीं, पण औषध सोसण्याचें दुःख कमी झालें.

दुसऱ्या दोन औषधांच्या कथेंत महाराष्ट्राचा एक पुत्र आहे. १९२५ सालीं नंदुरबार येथें जन्मलेले व मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकलेले मनसुख वाणी यांनीं अमेरिकेंत मनरो वॉल यांच्यासह दोन वृक्षांतून दोन मोलाचीं द्रव्यें वेगळीं केलीं. एका चिनी वृक्षांतून काढिलेल्या कँप्टोथेसिनाची रचना १९६६ सालीं प्रसिद्ध झाली, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालींतून काढिलेल्या टॅक्सॉलाची १९७१ सालीं. टॅक्सॉल, ज्यास आतां पॅक्लिटॅक्सेल म्हणतात, पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून तें एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकांत मिसळून शिरेंतून द्यावें लागे, आणि त्या द्रावकामुळेंच कित्येक रोग्यांस अंगावर गांधी उठणें, धाप लागणें, असे विकार होत. पुढें हें औषध आपल्या रक्तांतच असणाऱ्या अल्ब्युमिन नांवाच्या प्रथिनाशीं बांधून त्याचे सुमारें १३० नॅनोमीटरांचे कण केले गेले, आणि त्या द्रावकाचें कारणच उरलें नाहीं. हे कण २००५ सालीं स्तनाच्या व २०१३ सालीं स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर अमेरिकेंत मान्य झाले. कँप्टोथेसिनापासून निघालेलें इरिनोटेकान हें औषध लायपोसोमांत भरून २०१५ सालीं स्वादुपिंडाच्याच रोगावर मान्य झालें.

आतां लाभाचें माप पाहूं. कारण माप पाहिल्यावांचून स्तुति किंवा निंदा करणें विद्यार्थ्यास शोभत नाहीं. स्वादुपिंडाचा पसरलेला कर्करोग फार दुष्ट आहे. ८६१ रोग्यांवरील एका प्रयोगांत ज्यांस जुन्या औषधाच्या जोडीस अल्ब्युमिनाचे कण दिले त्यांचा मध्यम जीवनकाल ८.५ महिने भरला, व ज्यांस एकटें जुनें औषध दिलें त्यांचा ६.७ महिने. लायपोसोमांतील इरिनोटेकानाच्या प्रयोगांत हेच आंकडे ६.१ व ४.२ महिने असे आले. म्हणजे दोहोंकडे लाभ सुमारें दोन महिन्यांचा. हा लाभ थोडा काय? ज्या बापास मुलाचा परीक्षेचा निकाल ऐकावयाचा आहे, ज्या आईस परगांवची लेक एकदां भेटावयाची आहे, त्यांस दोन महिने थोडे नाहींत. परंतु 'कर्करोगावर रामबाण उपाय सांपडला' असा मथळा देणाऱ्यांच्या शब्दांस हे दोन महिने पुरत नाहींत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही मनांत एकत्र ठेवितां येणें, हेंच या विषयांतील अर्धें शहाणपण आहे.

याहून नव्या वाटाहि निघाल्या आहेत. हॅफ्नियम या धातूच्या ऑक्साइडाचे सूक्ष्म कण गांठींत टोंचून मग क्ष-किरण दिले असतां किरणांचा आघात गांठींतच वाढतो. सार्कोमा जातीच्या कर्करोगाच्या १८० रोग्यांवरील प्रयोगांत, हे कण टोंचलेल्यांपैकीं १६ टक्क्यांच्या गांठींत शस्त्रक्रियेच्या वेळीं रोगाच्या जिवंत पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या. केवळ किरण दिलेल्यांत हें प्रमाण ८ टक्के होतें. २०१९ सालीं युरोपांत या कणांस परवाना मिळाला. दुसरी वाट कोविडच्या सांथींत साऱ्या जगानें पाहिली. संदेशवाहक आरएनए हें अत्यंत नाजुक द्रव्य स्निग्ध अब्जांश-कणांत घालून लस करितां येते, हें त्या वेळीं कोट्यवधि लोकांच्या दंडांत सिद्ध झालें, व त्या विद्येचा पाया घालणाऱ्या कारिको आणि वाइसमन यांस २०२३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तशाच कणांतून रोग्याच्या स्वतःच्या गांठीवरून बेतलेली लस देण्याचे प्रयोग चालले आहेत. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १५७ रोग्यांवरील प्रयोगांत, प्रतिकारशक्ति चाळविणाऱ्या एका औषधाच्या जोडीस ही लस दिली असतां रोग उलटण्याचा अथवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनीं कमी दिसला. २०२३ सालीं याहून पुष्कळ मोठ्या प्रयोगास आरंभ झाला. या वाटेविषयीं आम्हांस खरी आशा वाटते. तथापि १५७ माणसांवरून साऱ्या मनुष्यजातीचा निकाल सांगतां येत नाहीं, म्हणून तर मोठा प्रयोग करावा लागतो.

मग मूळच्या गोळीचा नेम अचूक कां लागत नाहीं? टोरोंटो येथील वॉरन चॅन यांच्या मंडळीनें दहा वर्षांतील ११७ निबंध तपासून २०१६ सालीं एक हिशेब प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या शरीरांत सोडलेल्या शंभर भाग कणांपैकीं गांठीपर्यंत जे पोहोंचतात त्यांचें मध्यम प्रमाण ०.७ भाग, म्हणजे पुरता एक भागहि नाहीं! उरलेले जातात कोठें? आपल्या यकृतांत व प्लीहेंत अशा कांहीं पेशी आहेत कीं, रक्तांतील परका कण दिसला कीं तो गिळून टाकावा हेंच त्यांचें काम. शिवाय कण रक्तांत शिरतांच रक्तांतील प्रथिनें त्याला चिकटतात, आणि प्रयोगशाळेंत घातलेला त्याचा पोषाख झांकून जातो. घरून सांगून पाठविलेलें पत्र वाटेंत दहा हातांत पडावें आणि त्यावरील पत्ता पुसून जावा, तशी त्याची अवस्था होते. त्यांतहि उंदीर व मनुष्य यांत भेद आहे. उंदराची गांठ थोड्या आठवड्यांत वाढते, त्याच्या देहाच्या मानानें ती प्रचंड असते, व तिच्या वाहिन्या फार झिरपतात. मनुष्याची गांठ कित्येकदां वर्षानुवर्षें वाढत असते. तिच्यांतील कांहीं भाग झिरपतात, कांहीं नाहीं, आणि एका रोग्याची स्थिति दुसऱ्यासारखी नसते. म्हणून उंदीर बरे झाल्याचें वर्तमान उंदरांपुरतेंच खरें मानावें. बोस्टनजवळील एका नामांकित कंपनीचें नेम धरणारें अब्जांश औषध असेंच मोठ्या अपेक्षेनें पुढें आलें होतें. परंतु मनुष्यांवरील प्रयोगांत तें अपेक्षेस उतरलें नाहीं, आणि २०१६ सालीं त्या कंपनीचें दिवाळें वाजलें.

न लागणाऱ्या नेमानें निराशा होते. चुकीच्या जागीं लागलेल्या नेमानें प्राण जातात. एमआरएक्स-३४ या औषधाची हकीकत या दृष्टीनें प्रत्येकानें जाणावी अशी आहे. पेशींची बेसुमार वाढ रोंखणारा एक लहानसा आरएनए लायपोसोमांत भरून तो रोग्यांस देण्याचा हा पहिलाच यत्न होता. प्राण्यांवर त्याचा गुण चांगला दिसला होता. २०१३ सालीं मनुष्यांवरील पहिल्या टप्प्याचा प्रयोग सुरू झाला. एकंदर ८५ रोग्यांनीं तें औषध घेतलें. थोडक्यांच्या गांठी आकसल्या. परंतु कित्येकांच्या शरीराची संरक्षक शक्ति भडकून उलटली, चार रोगी त्यांत दगावले, आणि २०१६ च्या सप्टेंबरांत प्रयोग थांबवावा लागला. ते चारहि जण आजारीच होते, हें खरें. पण आजारी मनुष्याचे उरलेले दिवस त्याचेच असतात, आणि ते घेण्याचा अधिकार कोणाच्याहि उत्साहास नाहीं. मान्य झालेलीं औषधेंहि अगदीं निरुपद्रवी नाहींत. डॉक्सिलानें हृदय वांचतें, पण कित्येकांच्या तळहातांची व तळपायांची कातडी लाल होऊन सोलते. कांहींजणांस पहिल्याच वेळीं औषध शिरेंतून जात असतां छाती दाटून येते.

एक धोका औषधाच्या घडणींतहि आहे. साध्या गोळींत औषधाचें वजन बरोबर असलें म्हणजे पुष्कळ झालें. येथें कणाचा आकार, त्याचें आवरण, त्याच्या पोटांतील औषध किती वेगानें सुटतें, हें सर्व बरोबर असावें लागतें. २०११ सालीं डॉक्सिल बनविणारा एक कारखाना बंद पडूं लागतांच अमेरिकेंतील रोग्यांस औषध मिळेनासें झालें. तेव्हां २०१२ च्या फेब्रुवारींत तेथील सरकारनें मुंबईच्या सन फार्मा कंपनीचें 'लिपोडॉक्स' तात्पुरतें आणविण्यास अनुमति दिली, व २०१३ सालीं त्या कंपनीच्या औषधास रीतसर मान्यताहि मिळाली. आपल्या देशास हें भूषणावह आहे. पण असें औषध एका कारखान्यावर अवलंबून असतां रोग्याचें काय होतें, हेंहि त्यावरून दिसून आलें. आपल्या सरकारनेंहि २०१९ च्या ऑक्टोबरांत अब्जांश औषधें कशीं पारखावीं याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं आहेत.

येथवर वस्तुस्थिति सांगितली. आतां आमचें मत. आमच्या मतें या सर्व विषयांत सर्वांत मोठा गोंधळ 'प्रयोग' आणि 'उपचार' या दोन शब्दांचा आहे. उपचार हें दिलेलें उत्तर आहे. प्रयोग हा विचारलेला प्रश्न आहे. पहिल्या टप्प्याच्या प्रयोगाचा मुख्य हेतु रोग बरा करणें हा नसतो. मनुष्यदेह किती मात्रा सोसूं शकतो हें पाहणें हा असतो. रोग्यास मात्र वाटतें कीं, डॉक्टर आपल्याला नवें, म्हणजे अधिक चांगलें, औषध देत आहेत. हा गैरसमज दूर न करितां घेतलेली संमति ही संमतीच नव्हे. वीस पानांच्या कागदावर आंगठा उठविला म्हणजे मनुष्य समजला असें होत नाहीं. त्याच्या भाषेंत, त्याच्या माणसांसमोर, सावकाश सांगावें, आणि 'नाहीं म्हटलें तरी तुमच्या नेहमींच्या उपचारांत कांहीं कमी होणार नाहीं' हें वाक्य स्पष्ट उच्चारावें.

सुदैवानें आपल्या देशांत याविषयीं कायदा आहे. २००९ पासून औषधांचा असा प्रत्येक प्रयोग सरकारी नोंदपटावर चढविणें बंधनकारक झालें, व तो नोंदपट कोणासहि फुकट पाहतां येतो. २०१९ च्या नियमांप्रमाणें नीतिसमितीच्या मान्यतेवांचून प्रयोग करितां येत नाहीं. प्रयोगामुळें इजा झाल्यास फुकट वैद्यकीय मदत व भरपाई द्यावी लागते. आणि १९५४ चा एक कायदा असा आहे कीं, कर्करोग बरा करितों अशी जाहिरात करणें हाच त्या कायद्यानें गुन्हा आहे. हे कायदे किती पालकांस ठाऊक आहेत?

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं मध्यंतरीं आम्हांस एक छापील पत्रक आणून दाखविलें. त्यांच्या पत्नीस स्तनाचा कर्करोग झाला होता, व रुग्णालयांतील उपचार नुकते सुरू झाले होते. पत्रकांत 'नॅनो-कणांनीं गांठ विरघळविण्याची' हमी होती, आणि त्यासाठीं जी रक्कम मागितली होती ती उभी करण्यास त्यांस शेत गहाण टाकावें लागलें असतें. "मास्तर, तुम्ही शिकलेले. हें खरें असेल, आणि मी केलें नाहीं, तर जन्मभर मनाला लागून राहील," असें ते म्हणाले. अशा मनुष्यास अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे. परंतु त्यांच्या ठिकाणीं आपण असतों तर आपणहि तेंच बोललों असतों. आम्हीं त्यांस एवढेंच सुचविलें कीं, पत्रकावर जो क्रमांक आहे त्यावर चार प्रश्न विचारावे. हा प्रयोग सरकारी नोंदपटावर आहे काय, आणि त्याचा नोंदणी-क्रमांक कोणता? आजवर हें औषध किती मनुष्यांस दिलें, आणि त्यांचें काय झालें हें कोठें छापलें आहे? कोणत्या नीतिसमितीनें यास मान्यता दिली, व इजा झाली तर जबाबदार कोण? आणि हा प्रयोग असेल तर रोग्याकडून पैसे कां घेतां? त्यांनीं विचारलें. पहिल्या प्रश्नास थातुरमातुर उत्तर मिळालें. तिसरा विचारतांच पलीकडून बोलणें बंद झालें. शेत राहिलें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे बाईंचा रुग्णालयांतील उपचार एक दिवसहि खंडला नाहीं. अशा पत्रकांनीं होणारी खरी हानि पैशाची नव्हे. बरा होण्याजोगा रोग वाट पाहण्यांत हाताबाहेर जातो, ही होय.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ज्याचे सर्व उपाय संपले त्यानें नवें औषध घेऊन पाहिलें तर त्यास अडविणारे आपण कोण? आम्ही त्यास अडवूं इच्छित नाहीं. त्यानें अवश्य पुढें व्हावें; परंतु नोंदलेल्या प्रयोगांत, जाणून-समजून, आणि घर विकल्यावांचून. निराश मनुष्याचा हक्क मोठा आहे. म्हणूनच त्याच्या निराशेवर व्यापार करणाऱ्याचा अपराधहि मोठा आहे. दुसरा आक्षेप याच्या उलट: माणसांवर प्रयोग करावेतच कशाला? यास उत्तर असें कीं, आज आपल्या घरीं येणारें प्रत्येक औषध कोणी तरी प्रथम घेतलें होतें. वर सांगितलेल्या ८६१ रोग्यांपैकीं बहुतेकांस तें औषध सर्वांना मिळूं लागण्याचा दिवस दिसला नसेल. त्यांच्या नांवांची यादी कोणी वाचीत नाहीं. पण पुढच्या रोग्यांस मिळालेले दोन महिने हें त्यांचें दान आहे. प्रयोगास जाणून सामोरें जाणारा मनुष्य दाता आहे, आणि न सांगतां प्रयोगांत ओढलेला मनुष्य लुबाडलेला आहे. दोघांच्या शरीरांत औषध तेंच जातें, तरी दोहोंत एवढा भेद आहे.

नव्याच्या चमकेंत जुन्या व साध्या गोष्टी विसरूं नयेत, हेंहि सांगितलें पाहिजे. आपल्या देशांतील पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, आणि त्याचें मुख्य कारण तंबाखू हें आहे. तंबाखूची पुडी शाळेच्या वाटेवर न विकूं देणें यास अब्जांश-तंत्र लागत नाहीं. तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १ लक्ष ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यांत एकदां केली, तरी त्या रोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यानें कमी होतात, असें त्यांत दिसून आलें: तपासणी झालेल्या गटांत ३४, व न झालेल्या, जवळजवळ तितक्याच मोठ्या गटांत ६४. ज्या स्त्रियांची तपासणी झाली नाहीं त्यांच्याविषयीं पुढें टीकाकारांनीं प्रश्न विचारले, आणि ते विचारले जाणें योग्यच होतें. पण मराठवाड्यांतील त्या स्त्रियांनीं साऱ्या जगास जें शिकविलें तें आपल्याच घरांत पोहोंचूं नये, ही लाजेची गोष्ट होईल. मोठ्या बहिणीस, आईस, मावशीस तपासणीस जाण्याचा आग्रह करणें, हें काम नववीतील मुलगीहि करूं शकते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यांतील कोणी पुढें या कणांचा अभ्यास करील, कोणी डॉक्टर होईल, कोणी वर्तमानपत्रांत लिहील. ज्या नंदुरबारच्या मुलानें झाडाच्या सालींतून औषध शोधलें तोहि कधीं काळीं तुमच्यासारखाच बांकावर बसला होता. त्याचें द्रव्य सापडल्यापासून रोग्याच्या शिरेंत जाईपर्यंत कित्येक वर्षें लोटलीं, आणि त्यास सोयीचें रूप मिळण्यास आणखी वर्षें लागलीं. शास्त्राची ही गति ज्यास ठाऊक आहे तो 'उद्यां रोग नाहींसा होईल' असेंहि म्हणणार नाहीं, आणि 'कांहीं होत नाहीं' असेंहि म्हणणार नाहीं. तो विचारील: किती जणांवर? किती काळ? कशाच्या तुलनेंत? आणि ज्यांनीं औषध घेतलें त्यांस काय सांगितलें होतें? गणिताच्या तासास शिकविलेले टक्के व सरासरी यांचा उपयोग परीक्षेच्या पलीकडे कोठें होतो, असें तुम्ही कधीं कधीं विचारतां. तो येथें होतो.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, घरांत हें दुखणें आलें तर तें लपवूं नये, उपचारास उशीर करूं नये, आणि कोणी नवें औषध सुचविलें तर वरील चार प्रश्न एका कागदावर लिहून बरोबर न्यावे. प्रामाणिक डॉक्टर त्यांनीं रागावणार नाहीं. खुर्ची पुढें ओढून उत्तरें देईल. जो रागावेल, त्याच्या दारांतून आपल्या माणसाचा हात धरून शांतपणें बाहेर पडावें, आणि सरळ नेहमींच्या रुग्णालयाची वाट धरावी. इतकें सांगून आम्ही हा लेख पुरा करितों.